स्टेशनबाहेरचे पहिले दोनशे मीटर: रस्ता रुंद करू, स्कायवॉक वाढवू, की फेरीवाले हटवू?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं देतोय ते स्पष्ट राहील. डोंबिवली पूर्वेला संध्याकाळी लोकलमधून उतरलं की जिना, जिन्याखालची कोंडी आणि मग शेअर रिक्षाची रांग, यात तुमचा इतका वेळ जातो की गाडीतला प्रवास बरा वाटतो. प्रभागाच्या बैठकीत स्टेशन परिसर सुधारण्यासाठी सूचना मागवल्या आहेत. सोसायट्यांकडून तीन मागण्या पुढे आल्यात: रस्ता रुंद करा, स्कायवॉक (स्टेशनपासून रस्त्यावरून जाणारा उंच पादचारी मार्ग) पुढे न्या, फेरीवाले कायमचे हटवा. यांपैकी कशामागे जोर लावावा, असं तुम्ही विचारलंय.

मी रस्ते आणि स्टेशन परिसरांचे आराखडे करण्याच्या धंद्यात बरीच वर्षं आहे आणि मध्य रेल्वेच्या पट्ट्यात बऱ्याच जिन्यांखाली उभं राहून माणसं मोजली आहेत. मला विचाराल तर या तिन्हींपैकी एकही काम पहिलं नाही. तिन्ही मागण्यांत एक गोष्ट धरून चाललेली दिसते, की स्टेशनबाहेर वाहनांचा रस्ता आहे आणि बाकी सगळे त्याला अडथळा आहेत. मी उलट बाजूने सुरुवात करतो. स्टेशनबाहेरचे पहिले दोनशे मीटर हा फलाटाचाच पुढचा भाग आहे असं समजून आराखडा करायचा. फलाटावर आपण मोटरसायकली लावू देत नाही, टोपल्या मांडून बसू देत नाही, आणि तिथून माणसं किती वेळात बाहेर पडतात याचा विचार करतो. तेच नियम जिन्याखाली संपण्याचं काही कारण नाही.

हे का म्हणतो त्याचा हिशेब सांगतो. साध्या रस्त्यावरची वर्दळ दिवसभर कमीजास्त वाहत असते. स्टेशनबाहेरची गर्दी गाडीबरोबर येते आणि गाडीबरोबर संपते. बारा डब्यांच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी चार-पाच हजार माणसं असतात. समजा त्यातले हजार जण तुमच्याकडे उतरले, त्यातले सहाशे पूर्वेला वळले आणि ते दोन जिन्यांत वाटले गेले. म्हणजे एका जिन्याखाली तीनशे माणसं, आणि ती दीड-दोन मिनिटांत येऊन पडणार. एक मीटर रुंदीच्या वाटेतून मिनिटाला तीसेक माणसं आरामात चालतात. खांद्याला खांदा लावून पन्नास-साठ. त्यापुढे चालणं संपतं आणि ढकलणं सुरू होतं. आता जिन्याखाली एका बाजूला पाणीपुरीवाला, दुसऱ्या बाजूला तिरक्या लावलेल्या स्कूटर, मध्ये महावितरणचा डबा, आणि मोकळी वाट उरली दीड मीटर. त्यातून मिनिटाला जेमतेम ऐंशी-नव्वद माणसं जाणार. तीनशे माणसं जायला साडेतीन-चार मिनिटं. तोवर मागची लोकल आलेली असते. पुढचा रस्ता साठ फुटी केलात काय किंवा शंभर फुटी, या हिशेबात काही फरक पडत नाही. घडा केवढाही असला तरी पाणी तोंडाच्या मापानेच बाहेर येतं.

हा नुसता सोयीचा प्रश्न नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. सकाळची वेळ, अचानक आलेला जोराचा पाऊस, त्यामुळे बाहेर न पडता जिन्यावरच थांबलेली माणसं आणि मागून एकामागोमाग आलेल्या गाड्यांची गर्दी. नंतर पुलाच्या रुंदीवर खूप बोललं गेलं, तो पूल अरुंद होताच, आणि लष्कराने तिथे नवा पूलही बांधून दिला. पण माझ्यासारख्याच्या डोक्यात त्यातली दुसरी गोष्ट राहिली. माणसं जिन्याच्या तोंडाशी थांबली, कारण पुढे डोक्यावर छप्पर नव्हतं. जिन्याच्या शेवटच्या पायरीपासून पुढे काही मीटर छप्पर असावं, हा खर्च कुठल्याही अंदाजपत्रकात किरकोळ असतो. तो कुणी मागत नाही म्हणून होत नाही.

आता हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे, तेही मान्य करतो. चर्चगेटला गाडीतून उतरून सरळ चालत बाहेर पडता येतं, तिथे जिन्याचा प्रश्नच वेगळा. कल्याणला बाहेरगावच्या गाड्यांची बोचकी, सुटकेसा आणि सोडायला आलेली माणसं असतात, तिथे रिक्षा अगदी दारात लागते. डोंबिवलीचं गिऱ्हाईक रोजचं आहे. खांद्याला एक बॅग, हातात डबा, रस्ता पाठ. अशा माणसाला दीड-दोनशे मीटर चालायला लावता येतं, फक्त चालणं सुखाचं पाहिजे. म्हणून खाली जे लिहितोय ते तुमच्यासारख्या उपनगरी स्टेशनला लागू आहे. जंक्शनला किंवा टर्मिनसला जसंच्या तसं लावू नका.

आधी रुंदीकरण. स्टेशनलगतच्या जुन्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंना इमारती, खाली दुकानं, वर भाडेकरू. विकास आराखड्यात रस्ता रुंद दाखवणं सोपं असतं, प्रत्यक्षात एकेक इमारत पुनर्विकासाला जाईपर्यंत तुमची मुलं नोकरीला लागतील. आणि रुंद झालेली जागा जाते कुठे ते बघा. नव्या दोन मीटरवर महिन्याभरात दुचाक्या उभ्या राहतात. म्हणून बैठकीत रुंदी मागण्याआधी एक काम करा: आहे ती रुंदी आज कोण वापरतंय ते टेप घेऊन मोजा. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेसच्या पादचारी मार्गदर्शिकेत निवासी भागात किमान १.८ मीटर आणि बाजाराच्या भागात २.५ मीटर फुटपाथ सांगितला आहे, आणि तो मोकळा. मोकळा म्हणजे खांब, झाड, विजेचा डीपी बॉक्स, दुकानाची पायरी, पाटी हे सगळं वजा करून उरलेला. नकाशात तीन मीटर दिसणारा फुटपाथ असं मोजल्यावर बऱ्याचदा तीन फुटांचा निघतो. उंचीही बघा. मार्गदर्शिका सांगते की कडेचा दगड १५ सेंटीमीटरपेक्षा उंच नको. आपल्याकडे तो फूटभर उंच करून ठेवतात, दर वीस पावलांवर एखाद्या गेटसाठी खाली उतरवतात, पुन्हा वर चढवतात. मग सांधेदुखीच्या आजीबाई सोडाच, धडधाकट माणूसही रस्त्यावरूनच चालतो, आणि आपण म्हणतो लोकांना शिस्त नाही.

जागा आहे याचा पुरावा डोंबिवलीकरांनाच रोख देता येईल. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर तरुणांची केवढी गर्दी जमते ते तुम्हाला ठाऊक आहे. किंवा गुढीपाडव्याची स्वागतयात्रा, जी गणेश मंदिर संस्थानने १९९९ साली सुरू केली आणि मग गावोगावी गेली. त्या सकाळी त्याच रस्त्यावर हजारो माणसं मावतात आणि कुणी रुंदीकरण केलेलं नसतं. वाहनं नसतात, एवढंच. अर्थात त्या दिवशी कुणाला आठ-बाराची लोकल पकडायची नसते, म्हणून लगेच ‘फडके रोड कायमचा बंद करा’ अशी मागणी करू नका. रुग्णवाहिका, दुकानांचा माल, तिथले रहिवासी, हे सगळे आहेत. पण संध्याकाळी ठरावीक दोन-तीन तास जिन्यासमोरचा एखादा छोटा तुकडा फक्त चालणाऱ्यांसाठी ठेवता येईल का, एवढं विचारणं रास्त आहे.

स्कायवॉकबद्दल माझं मत जरा कडक आहे. एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, २००८ मध्ये वांद्रे पूर्वेला स्टेशन ते कलानगर पहिला स्कायवॉक उघडला आणि मग मुंबई महानगरात असे तीसहून अधिक उभे राहिले. त्यांतले कुठले चालले आणि कुठले ओस पडले हे बघितलं तर एक साधा नियम दिसतो. रेल्वेच्या पुलावरून खाली न उतरता सरळ चालत जाता येतं, आणि दुसऱ्या टोकाला जिथे उतरतो तिथेच आपलं काम असतं, तेव्हा माणूस स्कायवॉक वापरतो. एकदा का त्याला जिना उतरायला लावला की तो पुन्हा वर चढत नाही. पूल आणि स्कायवॉक यांच्यामध्ये एक उतरण जरी असली तरी निम्मं गिऱ्हाईक तिथेच गळतं. ठाणे पश्चिमेला सॅटिसमध्ये, म्हणजे स्टेशनसमोरच्या उंच डेकवर, हे नीट जमलंय, कारण तिथे बसच वरच्या मजल्यावर आणली. पुलावरून आलेला माणूस त्याच पातळीवर बसपाशी पोचतो आणि रिक्षा खाली राहतात. त्याची किंमतही आहे. डेकखालचा भाग दिवसासुद्धा काळोखा वाटतो, खांबांमध्ये जागा अडते, आणि एकदा काँक्रीट ओतल्यावर पुढच्या पन्नास वर्षांत काही बदलायचं म्हटलं तर हात बांधलेले. तुमच्याकडे तो खर्च आणि ती जागा आहे असं मला वाटत नाही. आहे त्या स्कायवॉकवरची तुटकी लादी, बंद दिवे आणि कडेने पसरलेलं दुकान आधी आवरा. लांबी वाढवायचं नंतर बघू.

आता रिक्षा. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण डोंबिवलीत खरा प्रश्न इथेच अडकलाय, आणि रिक्षावाल्यांना शिव्या घालून तो सुटत नाही.

केळकर रोडसारख्या शेअर रिक्षाच्या स्टँडवर पंधरा मिनिटं उभे राहून नुसतं बघा. रिक्षा नंबराने लागलेल्या असतात. सगळ्यांत पुढची भरते, निघते, मग मागची एक जागा पुढे सरकते. एक रिक्षा भरायला, बॅगा मांडीवर घेऊन तिघं बसायला, ‘दादा, गांधीनगर ना?’ असं विचारून खात्री करायला पंधरा-वीस सेकंद सहज जातात. म्हणजे मिनिटाला तीन-चार रिक्षा, नऊ ते बारा माणसं. एका गाडीतून शंभर माणसं या रांगेला आली तर शेवटच्याचा नंबर आठ-दहा मिनिटांनी लागणार, आणि तोवर पुढच्या दोन गाड्यांतली माणसं मागे उभी. रिक्षा कमी आहेत म्हणून ही रांग लांबत नाही. मागे तीस रिक्षा रिकाम्या उभ्या असतानाही ती लांबते. कारण एका वेळी एकच भरते.

यावर उपाय बिनखर्चाचा आहे: एका वेळी पुढच्या तीन नंबरच्या रिक्षा एकत्र भरायच्या आणि एकत्र सोडायच्या. नंबरची शिस्त मोडत नाही, त्यामुळे संघटनेची हरकत सहसा नसते. फक्त रांगेचं रेलिंग असं वाकवावं लागतं की पुढचे नऊ जण तिन्ही रिक्षांपर्यंत एकमेकांना न अडवता पोचतील. तीच शंभर माणसं मग तीनेक मिनिटांत निघतात.

दुसरी गोष्ट बाजूची. आपल्याकडे रिक्षात डावीकडून चढतात, उजवीकडे दांडी असते. म्हणून स्टँडची जागा अशी हवी की रिक्षाची डावी बाजू फुटपाथकडे येईल. कितीतरी ठिकाणी जागा मिळाली तिथे स्टँड दिलेला असतो, प्रवाशांची रांग रिक्षाच्या उजव्या अंगाला, आणि प्रत्येक प्रवासी रिक्षाला वळसा घालून चालू रस्त्यातून चढतो. कोंडीचं कारण शोधायला मोठा अभ्यास लागत नाही, दांडी कुठल्या बाजूला आहे ते बघा.

तिसरी गोष्ट, भरायची जागा आणि थांबायची जागा वेगळी करा. दारात सहा-आठ रिक्षांपुरती जागा पुरते. बाकीच्या दीड-दोनशे मीटर लांब कुठल्यातरी कमी वर्दळीच्या रस्त्यावर उभ्या राहू शकतात आणि पुढची जागा रिकामी झाली की येऊ शकतात. हे चालवायला सुरुवातीचे काही महिने दोन माणसं लागतात, एक मागे आणि एक पुढे, शिट्टी घेऊन. पगार महापालिकेने द्यायचा की संघटनेने, हे आधी ठरवा, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात शिट्टी बंद. स्टँड आणि शेअरचं भाडं हे मुंबई महानगर क्षेत्र परिवहन प्राधिकरण ठरवतं, अंमलबजावणी आरटीओ आणि वाहतूक पोलीस करतात. म्हणजे महापालिकेने एकटीने ठराव केला तर तो कागदावरच राहील.

आणि बस. एका बसमधली साठ माणसं शेअर रिक्षाने जायची तर वीस रिक्षा लागतात. एकामागोमाग उभ्या केल्या तर त्यांची लांबीच साठ मीटर भरते, बस बारा मीटरची. त्यामुळे दाराजवळची सगळ्यांत मोक्याची जागा बसला द्यावी हे माझं ठाम मत आहे, पण एका अटीवर. बस दर दहा-बारा मिनिटांनी नक्की येत असेल तरच. अर्ध्या तासाने एकदा येणाऱ्या बससाठी मोकळी ठेवलेली जागा पाचव्या मिनिटाला रिक्षा खाऊन टाकतात, आणि त्यात त्यांची चूक आहे असं मला वाटत नाही. केडीएमटीकडून, म्हणजे कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बससेवेकडून, संध्याकाळच्या फेऱ्यांची हमी मिळत नसेल तर इंदिरा चौकात नवा बसथांबा बांधून घेण्याच्या भानगडीत पडू नका.

फेरीवाल्यांवर येतो. इथे भावना तापलेल्या असतात म्हणून आधी कायद्याची बाजू. १ नोव्हेंबर २०१७ ला मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना बसता येणार नाही असा निकाल दिला. रेल्वेच्या आवारात तर रेल्वे कायद्याच्या कलम १४४ नुसार परवान्याशिवाय विक्री हा गुन्हाच आहे. दुसरीकडे २०१४ चा पथविक्रेता कायदा त्यांच्या उपजीविकेला संरक्षण देतो. सर्वेक्षण करा, क्षेत्र ठरवा, हलवायचं तर तीस दिवसांची नोटीस द्या, आणि हे सगळं नगर पथविक्रेता समितीमार्फत करा, जिच्यात चाळीस टक्के सभासद फेरीवाल्यांचे प्रतिनिधी असायला हवेत. ‘कायमचे हटवा’ या मागणीत पहिला भाग आहे, दुसरा नाही. म्हणून ती टिकत नाही.

जमिनीवर काय होतं ते बघा. संध्याकाळी डॉ. राथ रोड किंवा उर्सेकर वाडीच्या बाजूला उभे राहा. मेथी-कोथिंबीरवाली बाई ताडपत्रीवर माल मांडून बसलेली असते आणि ताडपत्रीच्या चार कोपऱ्यांत दोरी ओवलेली असते. कुठूनतरी ‘गाडी आली’ अशी हाक उठते. दोरी एकदा खेचली की ताडपत्रीचं गाठोडं होतं आणि ते डोक्यावर घेऊन ती धावते, जिन्यावरून उतरणाऱ्या गर्दीच्या थेट विरुद्ध दिशेने. अतिक्रमण विभागाची गाडी कोपऱ्यावरून वळते न वळते तोच दोरी सैल होते आणि बाजार पुन्हा बसतो. या पकडापकडीत सगळ्यांत जास्त धोका चालणाऱ्याला होतो, आणि मोकळा फुटपाथ मिळतो जेमतेम दहा मिनिटांचा.

बाजार पुन्हा का बसतो? कारण साडेसातच्या लोकलने उतरलेल्या बाईला उद्याच्या डब्याची भाजी तिथेच, चालता चालता हवी असते. मंडईत वेगळी फेरी मारायला तिच्याकडे वेळ नाही. हे गिऱ्हाईक जोवर आहे तोवर विक्रेता येणार. म्हणून मी नेहमी दोन टोकांचा सल्ला देतो. जिन्याच्या तोंडापासून १५० मीटर एकही टोपली नको, सणासुदीलाही नको, कुणाच्या ओळखीचा असला तरी नको. आणि त्या रेषेपलीकडे, माणसं ज्या वाटेने घरी जातात त्याच वाटेवर, रस्त्याच्या एकाच बाजूला, रंगाने आखलेल्या चौकोनांत, दिव्याची आणि कचरा उचलण्याची सोय करून त्यांना अधिकृत जागा द्या. लांब, आडबाजूला, कुणी फिरकत नाही अशा मैदानात दिलेली जागा म्हणजे न दिलेली जागा. विक्रेते महिन्याभरात परत येतात आणि मग सगळे म्हणतात, बघा, यांना दिली तरी नको असते.

एक आगाऊ सूचना. सोसायट्यांच्या निवेदनात दुकानदारांचा उल्लेख कधी नसतो. शटरच्या बाहेर मांडलेले कपड्यांचे पुतळे, आइस्क्रीमचा फ्रिज, फुटपाथवर चढवलेली पायरी, हे अतिक्रमण फेरीवाल्याइतकंच जागा खातं आणि ते पळूनही जात नाही. पण दुकानदार आपल्याच इमारतीत राहतो, गणपतीची वर्गणी देतो. टेप घेऊन मोजाल तेव्हा ही मापंही लिहा.

दुचाक्यांचा प्रश्न लोकांना वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. फुटपाथवर स्कूटर चढू नये म्हणून बोलार्ड, म्हणजे बुटके खांब, लावा, असं प्रत्येक बैठकीत कुणीतरी सुचवतं. बोलार्डमधलं अंतर किमान १.२ मीटर ठेवावं लागतं, नाहीतर व्हीलचेअर जात नाही. स्कूटरचं हँडल पाऊण मीटरच्या आसपास. म्हणजे जिथून व्हीलचेअर जाईल तिथून स्कूटर जाणारच. अंतर कमी करून व्हीलचेअर अडवायची, हा मार्ग मला मान्य नाही. उपाय स्कूटर फुटपाथवर का येते यात आहे: सकाळी गाडी पकडण्याच्या घाईत दाराशी लावता येते आणि फुकट लावता येते म्हणून. पाच-सात मिनिटं चालायच्या अंतरावर स्वस्त पार्किंग द्या, दाराशी उचलगाडी रोज फिरवा, आणि हे दोन्ही एकाच दिवशी सुरू करा. नुसतं पार्किंग दिलं तर रिकामं पडतं, नुसती उचलगाडी फिरवली तर मोर्चा येतो.

दिवे, मुतारी आणि झाडं यांबद्दल थोडक्यात. उंच खांबावरचा दिवा गाड्यांसाठी असतो, चालणाऱ्याला खालच्या उंचीचा वेगळा दिवा लागतो. स्वच्छतागृह स्टेशनच्या आवारात आणि उजेडात हवं, मागच्या बोळात नको. झाड तोडून फुटपाथ सरळ करू नका, फुटपाथ झाडाला वळसा घालून न्या.

यापेक्षा महत्त्वाची आणि कुणाच्याच यादीत नसलेली गोष्ट म्हणजे हद्द. शेवटच्या पायरीपासून काही मीटर रेल्वेचे, पुढे महापालिकेचे. ही रेषा जमिनीवर दिसते. एका बाजूला रेल्वेचे पेव्हर ब्लॉक संपतात, मध्ये झाकण नसलेलं किंवा हललेलं गटार, पुढे महापालिकेचं काँक्रीट चार बोटं वर. पावसाळ्यात पाणी नेमकं तिथेच साचतं, कारण दोन्हीकडचा उतार तिकडेच केलेला असतो. तक्रार केली की रेल्वे महापालिकेकडे बोट दाखवते आणि महापालिका रेल्वेकडे. मी ज्या कामांत होतो त्यांत जिथे फरक पडला तिथे सुरुवात या पट्ट्यापासून झाली होती. दोन्हीकडचे अभियंते एकाच दिवशी तिथे उभे राहिले, एकच पातळी ठरली आणि झाकणं कोण बदलणार ते लिहून घेतलं गेलं. एवढं झालं की पुढच्या कामांना आपोआप तोंड फुटतं, कारण अधिकाऱ्यांची ओळख झालेली असते.

इथवरचं एकत्र धरलं तर क्रम असा लागतो: आधी जिन्याखालचं तोंड आणि हद्दीचा पट्टा, मग रिक्षा भरण्याची पद्धत आणि जागा, मग १५० मीटरची रेषा आणि तिच्यापलीकडचा अधिकृत बाजार, मग दुचाक्या. रुंदीकरण आणि स्कायवॉक शेवटी, आणि तेही गरज उरली तर.

यातलं काहीही थेट काँक्रीटमध्ये करू देऊ नका. आधी रंग, प्लॅस्टिकचे शंकू आणि वाळूची पिंपं वापरून दोन-तीन आठवडे चाचणी करा. ती पावसाळ्यात नको, परीक्षेच्या किंवा सणाच्या दिवसांतही नको. चाचणीच्या आधी आणि चाचणीत तेच मोजमाप घ्या: लोकल लागल्यापासून जिन्याखालची वाट मोकळी व्हायला किती वेळ लागतो, आणि रिक्षाच्या रांगेतल्या शेवटच्या माणसाला किती. कल्याणच्या बाजूचा पूल, मधला आणि मुंबईच्या बाजूचा, तिन्हींचं वेगळं मोजा. गर्दी तिन्हींवर सारखी नसते, आणि लोक रोजच्या सवयीने एकाच जिन्यावर कोंबून घेतात. कॉलेजची मुलं या कामाला उत्तम. मोबाइलचं घड्याळ आणि वही पुरते. आमदार निधीतून होणाऱ्या कामांच्या बैठकीत ‘खूप गर्दी असते’ या वाक्याला कुणी विचारत नाही, ‘सात-चाळीसच्या गाडीनंतर जिना सहा मिनिटं भरलेला असतो’ याला विचारतात.

पहिले चार दिवस तक्रारींचा पाऊस पडेल, तो धरून चाला. लोकांना नवी वाट सापडायला आठवडा लागतो. पाचव्या दिवशी चाचणी गुंडाळली तर पुढची पाच वर्षं कुणी पुन्हा हात लावणार नाही, म्हणून किती दिवस चालवायची ते आधीच लेखी घ्या.

आणि बैठकीला जाण्याआधी रिक्षा संघटनेच्या लोकांना एकदा भेटून या, शक्यतो दुपारी, स्टँड रिकामा असतो तेव्हा. त्यांच्या पाठीमागे झालेला ठराव ते पाडू शकतात, आणि एकत्र तीन रिक्षा सोडण्याची गोष्ट त्यांनीच मांडली तर ती तुमच्या निवेदनापेक्षा लवकर मंजूर होते. मोजणीचे आकडे हातात आले की इथे टाका, तिन्ही जिन्यांचे वेगवेगळे. त्याशिवाय स्टँड कुठे सरकवायचा यावर मी काही सांगणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे होईल.